डायनाको पास-3 च्या फोनोला कोणतं कार्ट्रिज?

जर्सीकर
नमस्कार मंडळी. इथं न्यू जर्सीत एका घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत डायनाकोचा पास-3 हाती लागला. साठच्या दशकातला व्हॉल्व्ह प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवून पुढच्या पॉवर अँपला देणारा; त्यातला टर्नटेबलसाठीचा भाग म्हणजे फोनो), शेजारच्या फिलाडेल्फियातच बनलेला. कपॅसिटर आणि हीटरचा सेलेनियम रेक्टिफायर बदलून घेतलाय, हम (सततची घरघर) नाही. टर्नटेबल टेक्निक्स एसएल-1200 मार्क 2, त्याला आधीच्या मालकानं 2 मीटरची जाडजूड केबल बसवलीये. सध्या मित्राचं उसनं मूव्हिंग मॅग्नेट जातीचं कार्ट्रिज (सुईच्या कंपांचा विजेचा सिग्नल करणारा भाग) लावलंय, पण नाट्यसंगीताच्या एलपींवर प्रत्येक 'स' आणि 'श' कानात टोचतो. मित्र म्हणतो, जुन्या प्रीअँपला जास्त मिलिव्होल्टचं कार्ट्रिज लागतं. डोळ्यासमोर ऑर्टोफोन 2एम रेड, ऑडिओ-टेक्निका व्हीएम95ई आणि डेनन डीएल-103 आहेत. काय घेऊ?

खरखर
डीएल-103, डोळे मिटून. 1962 पासूनचं डिझाइन आहे, उगाच टिकलंय का?

व्हॉल्व्हवेडा
खरखरराव, डीएल-103 बद्दल दुमत नाही, पण ते मूव्हिंग कॉइल जातीचं, देतं फक्त 0.3 मिलिव्होल्ट. पास-3 चा फोनो टप्पा मूव्हिंग मॅग्नेटसाठीच केलेला आहे, गेन (सिग्नलची वाढ) साधारण 34 डीबी, म्हणजे 50 पट. आवाज वाढवाल तसा गाण्याआधी हिसच (सूं-सूं आवाज) ऐकू येईल. मध्ये 1:10 चा स्टेपअप (व्होल्टेज दहापट करणारा) ट्रान्सफॉर्मर घातला तर 3 मिलिव्होल्ट मिळतात आणि कार्ट्रिजला 47 किलोओहमऐवजी 470 ओहमचा भार दिसतो, तो त्याला चालतो. पण बरा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजपेक्षा महाग पडतो.

मिलिव्होल्टचं म्हणाल तर मित्राचं ऐकू नका. 4 मिलिव्होल्टचे फोनोतून 200 होतात, पुढचा लाइन टप्पा त्याचे 10 पट करतो. कुठल्याही पॉवर अँपला पुरून उरेल.

तुमचं दुखणं मला त्या केबलमध्ये दिसतंय. कार्ट्रिजचं इंडक्टन्स आणि केबलचं कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार होतो, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सीजवळचा आवाज फुगतो. केबल साधारण मीटरला 100 ते 150 पीएफ (पिकोफॅरड, कपॅसिटन्सचं माप) धरते. त्यात आर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) आतल्या तारा आणि प्रीअँपमधल्या पहिल्या 12एएक्स7 व्हॉल्व्हचे मिलर इफेक्टमुळे (व्हॉल्व्हच्या गेनमुळे त्याचं कपॅसिटन्स वाढून दिसतं) आणखी शंभरेक पीएफ. व्हॉल्व्हचा हा हिस्सा लोक धरतच नाहीत. एकूण 400 च्या आसपास गेलात, तर 700 मिलीहेन्रीच्या 2एम रेडचा रेझोनन्स 9.5 किलोहर्ट्झवर येतो. त्याच्या आजूबाजूला उंचवटा आणि वर उतार. 'स' नेमका तिथेच असतो. उसन्या कार्ट्रिजचंही तेच होत असणार.

तबकडीवाली
+1. जर्सीकर, आधी मोजून घ्या, फुकटात होतं. हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवलेला भाग) काढून ठेवा, केबलची पिन प्रीअँपमधून सोडवा आणि मधली पिन व बाहेरची कडा यांच्यात एलसीआर मीटरनं पीएफ बघा. आर्मच्या तारा त्यात आपोआप मोजल्या जातात.

आणि वीज बंद करून फोनोच्या इनपुटचा रेझिस्टन्सही बघा. जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर वयानुसार वर सरकतात. 47 चे 60 किलोओहम झाले असतील तर तो उंचवटा आणखी टोकदार होतो. दोन रुपयांचा भाग, बदलून टाका.

जर्सीकर
मोजलं. डावीकडे 310 पीएफ, उजवीकडे 305. रेझिस्टन्स एका बाजूला 48, दुसऱ्या बाजूला 56 किलोओहम! आता हे कार्ट्रिज बदलून सुटणार की केबल?

व्हॉल्व्हवेडा
केबल आधी. मीटरला 60 पीएफच्या आसपासची घ्या आणि पाऊण मीटरच ठेवा, प्रीअँप टर्नटेबलशेजारी सरकवा. आर्म धरून 75, व्हॉल्व्ह धरून 175 च्या घरात याल. दोन्ही रेझिस्टर 47 चे, एकाच लॉटमधले लावा.

मग व्हीएम95ई बिनधास्त. 550 मिलीहेन्री, कंपनी 100 ते 200 पीएफ मागते, तुम्ही बरोबर त्यात बसता आणि रेझोनन्स 16 किलोहर्ट्झच्या वर जातो. 2एम रेडला 150 ते 300 चालतं, म्हणजे तेही वाईट नाही, पण तुमच्या तक्रारीवर मी 95 च देईन. शिवाय पुढेमागे त्याच बॉडीवर मायक्रोलाइन (जास्त बारीक टोकाची) सुई चढवता येते. खरं तर आतल्या, तबकडीच्या मध्याजवळच्या ट्रॅकवरच्या 'स' साठी तीच हवी, कारण जाड लंबगोल सुई तिथं अडखळते.

खरखर
केबलला हातच लावायचा नसेल तर ग्राडोचं कार्ट्रिज. इंडक्टन्स 45 मिलीहेन्री, 400 पीएफवरही रेझोनन्स 37 किलोहर्ट्झला. फक्त शिल्डिंग नाही, काही टर्नटेबलांच्या मोटरचा हम उचलतं. ऐकून घ्या, मग पैसे मोजा.

तबकडीवाली
मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर हे सगळं वेगळं. 95 ला त्यांची रुंद सुई मिळते, पण मार्क 2 वर 78 ची गतीच नाही.

जर्सीकर
78 नाहीत, सगळ्या एलपीच. केबल आणि रेझिस्टर आजच मागवतो. त्यानंतर उसन्या कार्ट्रिजवरच एकदा ऐकतो, 'स' निवळला तर मायक्रोलाइनसाठी पैसे साठवेन.

व्हॉल्व्हवेडा
तेच करा. आणि हेडशेलमध्ये ओव्हरहँग (सुई पुढेमागे नेमकी कुठे बसते ते) नीट लावून घ्या, नाहीतर पुन्हा केबलला शिव्या पडतील.