मोठ्या बाबांचा कॉम्प्युटर अन् पेन ड्राइव्हमधले शॉर्टकट

मोठे बाबा (आर्वी): पोरंहो, घरचा कॉम्प्युटर बिघडला. पेन ड्राइव्ह लावला तं सारे फोल्डर गायब. त्याच नावाचे बारके आयकॉन दिसून रायले, कोपऱ्यात वाकडा बाण. बगिच्याच्या विम्याचे कागद, फेरफाराचे स्कॅन, लग्नाचे फोटो, सारं त्यातच व्हतं.

विक्की (पुलगाव): व्हायरस लागला मोठे बाबा. पेन ड्राइव्ह फॉरमॅट मारा, विषय संपला.

दादा (नागपूर): फॉरमॅट अजिबात मारू नका! मोठे बाबा, पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. किती जागा भरली दाखवते?

मोठे बाबा (आर्वी): साडेपाच जीबी.

दादा (नागपूर): मग कागद जागेवरच आहेत. ते बाणवाले आयकॉन एक-दोन केबीचे असतात, त्यांनी साडेपाच जीबी कशी भरेल? व्हायरसनं खरे फोल्डर लपवून ठेवले अन् त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडले. तुम्ही शॉर्टकट दाबला की आधी व्हायरस चालतो, मग खरं फोल्डर उघडतं. म्हणून माणसाला काही कळत नाही. त्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अन् 'टार्गेट'चा रकाना वाचा. आता काहीच उघडू नका, फक्त वाचा.

मोठे बाबा (आर्वी): सीएमडी डॉट ईएक्सई असं कायतरी लांबलचक लिहून आहे.

दादा (नागपूर): तेच ते. फोल्डरच्या शॉर्टकटमध्ये फोल्डरचा पत्ता असायला पाहिजे, सीएमडी म्हणजे विंडोजला हुकूम द्यायचा प्रोग्राम नाही. आता पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. कुठं लावला होता याआधी?

मोठे बाबा (आर्वी): तहसीलजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे. विम्याच्या फॉर्मची प्रिंट काढाले.

ताई (वरुड): आमच्या शाळेतल्या लॅपटॉपलाही असंच होऊन रायलं दादा. इथं सगळे शिक्षक प्रिंटसाठी एकाच दुकानात पेन ड्राइव्ह नेतात.

दादा (नागपूर): असाच पसरतो तो. एका मशीनला लागला की त्यात येणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर चढतो, अन् तो पेन ड्राइव्ह त्याला पुढच्या गावी नेतो. नेट नसलं तरी त्याचं काही अडत नाही. अँड्रोमेडा नावाचा एक व्हायरस या वाटेनं जगभर गेला होता, 2017 च्या नोव्हेंबरात युरोपोल (युरोपची पोलीस संस्था) अन् अमेरिकेच्या एफबीआयनं मिळून त्यानं ताब्यात घेतलेल्या कॉम्प्युटरांचं जाळं तोडलं. पण जाळं तुटलं म्हणजे जुन्या पेन ड्राइव्हमधलं सगळं निघालं असं होत नाही.

मोठी आई (आर्वी): अरे पोरा, आता नवीनच झालं. स्क्रीनभर लाल पाटी आली, भोंग्यासारखा आवाज येऊन रायला. कॉम्प्युटरले धोका हाय, या नंबरवर लगेच फोन करा म्हणते. लावू काय फोन?

दादा (नागपूर): नाही मोठी आई, फोन लावू नका!! त्या नंबरवर चोर बसला आहे. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. तिथं फोन केला तर तो गोड बोलून एक ॲप टाकायला लावतो, मग तुमचा माउस त्याच्या हातात. अन् नंतर बँकेचं पान उघडायला सांगतो.

ही पाटी म्हणजे नुसतं ब्राउझरचं एक पान आहे, पूर्ण स्क्रीनवर पसरवलेलं. कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप एकदम दाबा. यादी येईल, त्यात क्रोम निवडून 'एंड टास्क'. परत उघडल्यावर जुनी पानं आणू का असं विचारलं तर नाही म्हणा.

मोठी आई (आर्वी): गेली बाप्पा. आवाज पण बंद झाला.

काकू (दारव्हा): जीव भांड्यात पडला. त्यात बँकेचं काही नाही नं?

विक्की (पुलगाव): एक फुकट अँटिव्हायरस आहे माझ्याकडे, लिंक टाकू काय? त्यात फक्त आधी विंडोजचा डिफेंडर, म्हणजे त्याचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद करा म्हणते.

दादा (नागपूर): विक्की, जी फाइल राखणदाराला आधी बाहेर काढा म्हणते, ती घरात घ्यायचीच नाही. फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरचंही तेच. पोरं टायपिंगच्या परीक्षेसाठी असले सेटअप उतरवतात अन् पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सोबत येतो. विंडोजमधला डिफेंडर चांगला आहे, फक्त त्याला काम करू द्या. वरून हवंच असेल तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं 2017 च्या फेब्रुवारीत सुरू केलेलं. त्याच्या साइटवर सफाईची साधनं मोफत मिळतात. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं यूएसबी प्रतिरोध तिथंच आहे, पेन ड्राइव्हवर पहारा ठेवायला.

मोठे बाबा, आता क्रम नीट ऐका. आधी कॉम्प्युटर साफ, मग पेन ड्राइव्ह. उलटं केलं तर साफ केलेला पेन ड्राइव्ह लावताच परत खराब होतो, अन् लोक म्हणतात व्हायरस जातच नाही.

विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा. अपडेट करा, म्हणजे नवीन व्हायरसची ओळख त्यात येईल. मग नेटची वायर काढा. स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे, तो निवडा. मशीन बंद होऊन परत चालू होईल अन् विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होईल. साधारण 15 मिनिटं लागतात. व्हायरस तेव्हा जागा नसतो, म्हणून लपू शकत नाही. लाइन जाणार असेल तर आता लावू नका, इन्व्हर्टरवर आहे नं मशीन?

मोठे बाबा (आर्वी): हाय, हाय. लावतो.

ताई (वरुड): दादा, तोवर एक विचारू? काल गावच्या ग्रुपवर पीएम किसानची यादी आली, नावाच्या शेवटी डॉट एपीके. तेही हेच काय?

दादा (नागपूर): ते त्याहून वाईट. एपीके म्हणजे अँड्रॉइड मोबाइलचं ॲप. विंडोजवर दाबलं तर ते आपोआप चालत नाही, पण मोबाइलवर बसलं की एसएमएस वाचतं, ओटीपी तिकडे जातो. यादी नुसती वाचायची असते, ॲप कशाला होईल? ग्रुपवर सगळ्यांना सांग, अन् ज्यानं टाकली त्याला फोन कर. त्याचा मोबाइल आधीच गेला असेल, त्यानं हातानं पाठवली नसेल. कोणाचे पैसे गेले तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

मोठे बाबा (आर्वी): झाला स्कॅन. दोन सापडले, काढून टाकले म्हणते.

दादा (नागपूर): मस्त. आता पूर्ण स्कॅन रात्रभर चालू द्या. पेन ड्राइव्ह मी उद्या व्हिडिओ कॉलवर असताना लावू. लपलेले फोल्डर दिसायला एक कमांड टाकावी लागते, अक्षर चुकलं की चालत नाही, ती मी सांगतो. कधी कधी सगळं नाव नसलेल्या एका फोल्डरात भरलेलं असतं. त्यातले पीडीएफ अन् फोटोच फक्त कॉपी करू. तोवर मोबाइलवरून मेल अन् बँकेचे पासवर्ड बदलून टाका, त्या मशीनवरून नाही. अन् विंडोज 10 असेल तर त्याचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, त्याचं काय करायचं तेही उद्याच पाहू.

मोठे बाबा (आर्वी): बरं. झेरॉक्सवाल्याले सांगू काय? भला माणूस हाय, त्याले माहीतही नसंन.

दादा (नागपूर): नक्की सांगा. त्याची मशीन साफ झाली तर अख्खा तालुका वाचेल. हाच ऑफलाइन स्कॅन दाखवा त्याला. अन् पुढं प्रिंटला पेन ड्राइव्ह न नेता पीडीएफ मेलवर पाठवा.

ताई (वरुड): दादा, शाळेचा लॅपटॉप रविवारी पाहशील काय?

दादा (नागपूर): हो. सकाळी 10 नंतर फोन कर. तोवर त्यात कोणाचाच पेन ड्राइव्ह लावू देऊ नको.