कुत्रा चावलाच नाही, मग हॉस्पिटलचं बिल कोणाचं?

जिन्यातला_दिवा
आमच्या मजल्यावर सध्या दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीयेत आणि दोघांनाही वाटतंय की मी त्यांच्याच बाजूचा आहे, म्हणून इथे विचारतोय. एका घरात दीड वर्षाचा लॅब्रेडॉर, धिप्पाड आणि अति लाडावलेला. समोरच्या घरातल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. लिफ्टचं दार उघडलं, आजी दारासमोरच उभ्या, कुत्रा बाहेर आला तो थेट अंगावर, पुढचे दोन पाय छातीवर. त्याच्या लेखी ते प्रेम. आजी मागे पडल्या, पडताना हात टेकला, मनगट मोडलं, ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागली. दात लागला नाही, नखाचा ओरखडासुद्धा नाही.

आजींच्या मुलाचं म्हणणं : ऑपरेशनचा सगळा खर्च द्या, घरी मदतीला बाई ठेवली आहे तिचा पगार द्या आणि कुत्रा इथून हलवा. कुत्रेवाल्या ताईंचं म्हणणं : तो चावला नाही, पट्टा बांधलेला होता, आजी हात वर करून किंचाळल्या म्हणून तो चेकाळला. माणुसकी म्हणून निम्मे देते, भरपाई म्हणून काही देणार नाही.

माझं मत सांगून टाकतो. चूक कोणाची हे बाजूला ठेवलं तरी उपचाराचा पूर्ण खर्च ताईंनी द्यावा. कुत्रा पाळण्याचा आनंद त्यांचा, तर त्याच्यामुळे दुसऱ्याला होणारा खर्चही त्यांचाच. कुत्रा हलवा ही मागणी मात्र मला निव्वळ राग वाटते. बोला.

शेपटीपुराण
पूर्ण असहमत. चूक बाजूला ठेवून पैसे मागायचे हा कुठला न्याय? तुमच्याच वर्णनाप्रमाणे कुत्रा पट्ट्यात होता, आक्रमक नव्हता, आधीच्या कुठल्याही तक्रारीचा उल्लेख नाही. शेजारचं लहान मूल धावत येऊन आजींना आपटलं असतं आणि त्या पडल्या असत्या तर मुलाच्या आईबापाकडे प्लेटचे पैसे मागितले असते का कुणी? त्या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात, तरुण माणूस असता तर कपडे झटकून उठला असता. निम्मे देतायत हेच खूप झालं. आणि एक सांगतो, कुत्र्यासमोर हात उंचावून ओरडणं म्हणजे त्याला खेळायला बोलावणंच आहे. शांत उभं राहायचं, हात अंगाजवळ, नजर दुसरीकडे, तो हुंगून निघून जातो. हे लोकांना कोणी शिकवतच नाही.

कडीकोयंडा
>> हे लोकांना कोणी शिकवतच नाही

म्हणजे तुमचा कुत्रा आणि ट्रेनिंग आम्ही घ्यायचं? सत्तरीच्या बाईने आपल्याच दारासमोर पुतळ्यासारखं उभं राहायचं कारण तुम्हाला 'खाली पाय' एवढं शिकवायला वेळ झाला नाही?
धागाकर्त्यांना एकच प्रश्न, पट्टा कोणता होता? बटण दाबलं की लांब होत जातो तो की साधा?

जिन्यातला_दिवा
लांब होणारा. लॉक केलेला नव्हता. ताई फोनवर होत्या का हे मला माहीत नाही, त्यावर दोन घरांच्या दोन कहाण्या आहेत.

कडीकोयंडा
झालं तर मग. तो पट्टा चार-पाच मीटरपर्यंत जातो, मोकळ्या मैदानात ठीक आहे. लिफ्टच्या दारात अनलॉक ठेवलात तर तो नसल्यातच जमा. 'पट्टा होता' हे वाक्य यापुढे या धाग्यावर कोणी वापरू नये.

शेपटीपुराण
पट्टा लॉक नव्हता ही चूक मान्य. पण म्हणून शंभर टक्के?

कलम_आणि_शाई
जरा लांबलचक लिहितो, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. मालकाची चूक सिद्ध करावी लागते की प्राण्यामुळे इजा झाली एवढंच पुरेसं आहे, यावर जगात एकमत नाही. जर्मनीच्या दिवाणी संहितेत कलम ८३३ आहे, १९०० पासून लागू, त्यात हौसेखातर पाळलेल्या प्राण्याने इजा केली की मालक जबाबदार, चूक असो नसो. पोटापाण्यासाठी ठेवलेला प्राणी असेल तर मात्र पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवून मालक सुटू शकतो. म्हणजे धागाकर्ते जे म्हणतायत ते तिथे कायद्यातच आहे. इंग्लंडचा १९७१ चा प्राणी कायदा बराच अवघड आहे, तिथे कुत्र्यासारख्या प्राण्याच्या बाबतीत त्याचा तो विशिष्ट स्वभाव मालकाला माहीत होता का हे बघतात, आणि इजा सर्वस्वी जखमी माणसाच्याच चुकीने झाली असेल तर मालक सुटतो. टेक्सासमध्ये तर अजून जुनाच विचार, कुत्रा धोकादायक आहे हे मालकाला आधी माहीत होतं का हा मुख्य प्रश्न, नाहीतर मग निष्काळजीपणा सिद्ध करा.

आता या धाग्यासाठी सगळ्यात मजेशीर कॅलिफोर्निया. तिथल्या दिवाणी संहितेचं कलम ३३४२ म्हणतं की कुत्रा सार्वजनिक जागी चावला तर मालक जबाबदार, आधी कधी चावला होता की नाही याचा संबंध नाही. पण ते कलम चावण्यापुरतंच आहे. अंगावर उडी मारून पाडलं तर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. म्हणजे 'चावला नाही' हा ताईंचा मुद्दा अगदीच हवेतला नाही.

भारतात भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, जुन्या भारतीय दंड संहितेत २८९. त्यात चावण्याचा उल्लेखच नाही. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असेल आणि तो टाळायला पुरेशी खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हाड मोडणं हे कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे. पण तो दंड एरवी सरकारजमा होतो, कोर्ट त्यातून भरपाई द्यायला सांगू शकतं, तरी पाच हजारांत आजींचं बिल निघत नाही, त्यासाठी दिवाणी दावा वेगळा.

>> त्या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात

हा मुद्दा कोर्टात सांगू नका. नुकसानभरपाईच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे, समोरचा माणूस जसा आहे तसा धरायचा. त्याची हाडं कच्ची होती म्हणून तुमची जबाबदारी कमी होत नाही.

मऊ_पंजा
मी मांजरवाली, आणि मला इथे दुसरी बाजू मांडायचीच आहे. माझ्या ओळखीत एका घरी सेफ्टी डोअरच्या गजांतून पलीकडच्या मुलाने हात घालून आतल्या कुत्र्याचे कान ओढले. रोजचा खेळ. एक दिवस कुत्रा चावला. कुत्रा स्वतःच्या घरात, दार बंद, कडी लावलेली, आणि तरी मुलाचे आईबाप सगळ्यांना सांगत फिरले की 'हिंस्र जनावर पाळलंय'. अशा वेळी जिन्यातला_दिवा यांचं 'आनंद ज्याचा खर्च त्याचा' लागू करायचं का? मला नाही पटत. प्राण्याला कोंडून छळलं तर तो काय करेल?

जिन्यातला_दिवा
मूल किती वर्षांचं? चार वर्षांच्या मुलाला छळ कळत नाही, तिथे मी मुलाच्याच बाजूने. बारा वर्षांचं असेल तर आईबापांनी गप्प बसावं.

मऊ_पंजा
पाच-सहाचं असेल. पण कळत नाही तर त्याला एकटं पॅसेजमध्ये सोडता कसं? लक्ष ठेवायची जबाबदारी फक्त प्राणीवाल्यांचीच का?

कडीकोयंडा
रोजचा खेळ होता म्हणताय ना, मग कुत्रेवाल्यांनाही रोज दिसत होतं. दाराच्या आत बारीक जाळी ठोकायची. दोन्ही घरांनी रोज बघितलं आणि दोन्ही घरांनी सोडून दिलं. इथे मात्र मी निम्मे-निम्मे म्हणेन, बघा माझा पण सूर बदलतो.

रात्रपाळी
मी हॉस्पिटलमध्ये काम करते, कॅज्युअल्टीत ही भांडणं जखमेबरोबरच आत येतात. पैशाचं तुम्ही बघा, मला दुसरंच सांगायचंय. चावलं किंवा ओरखडलं असेल तर पहिल्या तासात भांडू नका, आधी नळाखाली जखम धरा. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं. लोक दोन मिनिटांत उरकतात कारण बाहेर आवाज चढलेले असतात. मग डॉक्टर. रक्त न येता नुसता ओरखडा असला तरी लस लागते, रक्त आलं किंवा दात आत गेला असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. धनुर्वाताचं वेगळं विचारतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही, त्यामुळे 'शेजाऱ्यांचाच तर आहे, लस दिलेली आहे त्याला' एवढ्यावर घरी बसू नका. कुत्र्याच्या लसीचं कार्ड डॉक्टरांना जरूर दाखवा, पण निर्णय त्यांचा.

आणि आता भांडणाचा संबंध. कुत्रा किंवा मांजर चावल्यावर त्याला १० दिवस डोळ्यांसमोर ठेवतात, उपचार पहिल्या दिवशीच सुरू करायचे, आणि १० दिवसांनी प्राणी ठणठणीत असेल तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. हे सगळं शेजाऱ्याच्या सहकार्यावर चालतं. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी 'तुमच्या कुत्र्याला बघतोच' म्हणालात की मालक घाबरून त्याला रातोरात नातेवाइकांकडे पाठवतो. प्राणी नजरेआड गेला, मग जखमी माणसाला पूर्ण कोर्स घ्यावाच लागतो आणि तेवढे दिवस मनात धाकधूक. 'कुत्रा हलवा' ही मागणी चावण्याच्या केसमध्ये तर पहिले १० दिवस स्वतःच्याच पायावर धोंडा आहे.

मऊ_पंजा, तुमच्यासाठी : मांजराच्या चाव्याला लोक हसतात. दात बारीक पण खोल जातात, वरून भोक लगेच बंद, आत जंतू. हाताच्या सांध्याजवळ असेल तर दुसऱ्या दिवशी हात सुजून येतो. शेजाऱ्याला असा चावा पडला तर 'काय एवढं' म्हणू नका.

मऊ_पंजा
नाही म्हणणार. मला स्वतःला पडलेत तसे.

नवा_भाडेकरू
मुस्कं बांधायला लावा ना सरळ, विषय संपला.

शेपटीपुराण
मुस्क्याने उडी थांबते का? आजी पडल्याच असत्या, फक्त मुस्कंवाल्या कुत्र्यामुळे. आणि बांधायचंच असेल तर टोपलीसारखं, ज्यात तो तोंड उघडून धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो. ते कापडी, तोंड आवळून धरणारं उन्हात बांधून फिरवतात ते बघून मला कसंतरी होतं. कुत्र्याला घाम आपल्यासारखा येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो.

नवा_भाडेकरू
बरं मग 'कुत्र्यापासून सावध' पाटी?

कलम_आणि_शाई
पाटी दारावर असते, लिफ्टवर नाही. आणि पाटीने तुम्ही सुटत नाही, उलट समोरचा वकील विचारणार की सावध राहायला सांगत होतात म्हणजे धोका तुम्हाला माहीत होता.

शेपटीपुराण
बघा, म्हणूनच लोक पैसे द्यायला घाबरतात! पाटी लावली तर कबुली, पैसे दिले तर कबुली, सॉरी म्हटलं तर त्याचं रेकॉर्डिंग ग्रुपवर. ताई 'माणुसकी म्हणून निम्मे' का म्हणतायत कळतंय ना? त्या कंजूष असतीलच असं नाही, उद्या 'दिलेत म्हणजे गुन्हा कबूल' म्हणून कुत्रा काढायला लावतील ही भीती आहे.

कलम_आणि_शाई
हा तुमचा या धाग्यावरचा पहिला मुद्दा जो मला पूर्ण पटला. त्यावर उपाय साधा आहे, कागद करा. 'कोणतीही चूक किंवा जबाबदारी कबूल न करता अमुक उपचाराचा खर्च देत आहे', खाली बिलांची यादी, दोघांच्या सह्या. पण आजींच्या मुलालाही सांगा, त्यात 'यापुढे काही मागणं नाही' असं आत्ताच लिहून देऊ नका. मनगटाची फिजिओथेरपी प्लास्टर निघाल्यावर सुरू होते, बोटं आखडली तर लांबते, प्लेटचा त्रास झाला तर पुन्हा काढायला लागते. पुढचा खर्च पुढे बघू अशी ओळ ठेवा.

कडीकोयंडा
मदतनीस बाईंच्या पगाराचं काय? उजवा हात मोडलाय, एकटी बाई असेल दिवसभर घरात, वेणीसुद्धा घालता येत नाही. तो पण उपचाराचाच भाग आहे.

शेपटीपुराण
हात बरा होईपर्यंत ठीक आहे. पण एकदा ठेवलेली बाई नंतर कायमची राहते आणि बिल इकडेच येत राहतं. डॉक्टरांनी लिहून दिलं तेवढेच आठवडे.

जिन्यातला_दिवा
उजवाच आहे हात. डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट मी मुलाला सांगून बघतो, त्याला पटेल असं वाटतंय. कागदाचा मसुदा दोन्ही घरी एकाच वेळी देणार, नाहीतर पहिला ज्याला मिळेल तो माझा माणूस ठरणार. कुत्रा हलवायचा विषय त्यात टाकतच नाहीये. त्याऐवजी लिफ्टजवळ आखूड पट्टा आणि कोणी आत-बाहेर करत असेल तर कुत्रेवाल्याने थांबायचं, एवढं एक कलम घालतोय.

शेपटीपुराण
थांबू की. पण मग आम्ही आत उभे असताना धावत येऊन दारात हात घालून लिफ्ट अडवणाऱ्यांनाही तेच कलम लावा.

कडीकोयंडा
ते आम्ही आहोत हे कसं ओळखलंत