.280 अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड : फायर-फॉर्म करताना मान तडकते, काही पुंगळ्यांच्या बुडाजवळ चकचकीत कडं

बॉइजीकर

नमस्कार मंडळी. मी आयडाहोत असतो, रेंजवर कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. शेजारच्या काकांकडून .280 अ‍ॅक्ली इम्प्रूव्हडची एक जुनी रायफल घेतली. नळी आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) स्थानिक कारागिराने केलेलं आहे, सोबत जुन्या पुंगळ्यांचा, म्हणजे काडतुसांच्या पितळी कवचांचा, एक डबाही आला.

साधं .280 रेमिंग्टनचं काडतूस या चेंबरमध्ये उडवलं की पुंगळी फुगून नव्या आकाराची होते, खांदा 40 अंशांचा होतो. यालाच फायर-फॉर्म करणं म्हणतात. एवढं नीट चाललंय. पण डब्यातल्या पुंगळ्यांपैकी बऱ्याच मानेला उभ्या तडकतात. आणि दुकानातून आणलेल्या कोऱ्या काडतुसांच्या काही पुंगळ्यांवर बुडापासून बोटभर वर एक चकचकीत कडं दिसतं. रेंजवरचे एक गृहस्थ म्हणाले, "पितळ कडक झालंय, अख्ख्या पुंगळ्या ओव्हनमध्ये घालून नरम कर." करू का?

भट्टीवाला

नका करू. अख्खी पुंगळी नरम होईल इतकी कधीही तापवू नका.

मी पुण्याचा, सगळी नोकरी पितळेच्या पत्र्यात आणि नळ्यांत गेली. रायफल तुम्ही जाणता, मी पितळेबद्दल बोलतो. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे.

आधी मान. पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. हे पितळ तापवून पाण्यात बुडवलं म्हणून पोलादासारखं कडक होत नाही. ते कडक होतं फक्त ठोकून, दाबून, ताणून. गोळी सुटताना मान फुगते, डायमध्ये (मापात आणणाऱ्या साच्यात) पुन्हा आवळली जाते, पुन्हा फुगते. दर फेरीला ताण साठत जातो आणि शेवटी उभी चीर पडते. फायर-फॉर्मिंगमध्ये तर खांदा आणि अंगाचा वरचा भाग एका झटक्यात नव्या मापाला जातो, म्हणून आधीच कडक झालेलं पितळ तिथेच हात टेकतं. आपल्या कसब्यातला तांबट हंडा घडवताना मधेच भट्टीत ताव देऊन, म्हणजे तापवून नरम करून, घेतो, मग पुढचं ठोकतो, ते याचसाठी. मानेला आणि खांद्याला ताव द्यायचा तो फायर-फॉर्म करण्याआधी, नंतर नाही. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ना, ती याच तावाची खूण. बाजारातल्या काडतुसांवरची बहुधा पॉलिश करून घालवतात.

बुडाचं उलट. तिथलं पितळ कारखान्यात मुद्दाम कडक ठेवलेलं असतं. गोळी उडताना आतला सगळा दाब तेच झेलतं. बूड नरम पडलं तर तापलेला वायू मागे, तुमच्या तोंडाकडे येऊ शकतो. म्हणून मानेला ज्योत काही सेकंदच, पुंगळी सतत फिरवत. अंगावर तापमान दाखवणारं लॅकर लावा आणि बुडाकडचा भाग 250 अंश सेल्सियसच्या आत ठेवा. नंतर पाण्यात टाकतात ते उष्णता खाली उतरू नये म्हणून. हवेत गार केली तरी मान तितकीच नरम राहते.

आता ते चकचकीत कडं. मला याची जास्त काळजी वाटते. ते कडकपणाचं लक्षणच नाही, पुंगळी तिथे ताणली जातेय. पेपरक्लिप सरळ करा, टोक काटकोनात वळवा आणि रिकाम्या पुंगळीत तळापासून भिंतीला घासत वर आणा. कड्याच्या जागी टोक खळग्यात अडकलं तर भिंत आतून पातळ झालीय. ती पुंगळी पुन्हा भरायची नाही. तिच्या पुढच्या फेऱ्यांत कधीतरी बूड अंगापासून सुटतं.

डोंगरातला

कोलोरॅडोतून लिहितोय, स्वतः इम्प्रूव्हड रायफली वापरतो. भट्टीवाले काकांशी शंभर टक्के सहमत. कड्याचं कारण मी सांगतो.

पिन बसली की काडतूस पुढे ढकललं जातं. दाब वाढताच पुंगळीचं पुढचं अंग चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं. मागे बोल्टपर्यंत (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यापर्यंत) पोकळी असेल तर बूड मागे सरकतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. ज्यांच्या नावाचं हे काडतूस, त्या गनस्मिथ पार्कर अ‍ॅक्लींची खुबी हीच होती, की इम्प्रूव्हड चेंबरचं हेडस्पेस, म्हणजे बोल्टपासून काडतूस पुढे टेकतं तिथवरचं अंतर, मूळ काडतुसाच्या मापापेक्षा 0.004 इंचाने कमी ठेवायचं. मग साधं काडतूस मान आणि खांदा मिळतात तिथे जरासं दाबून बसतं, बोल्ट लावताना हाताला जाणवतं, आणि पोकळी उरत नाही. तुमचा बोल्ट कोऱ्या .280 रेमिंग्टनवर सैल बंद होतो का? होत असेल तर चेंबर लांब आहे.

.280 अ‍ॅक्लीला अधिकृत प्रमाण माप मिळालं 2007 मध्ये. त्याआधीची चेंबर कारागिराच्या हाताप्रमाणे, म्हणून गनस्मिथकडून गेज लावून घ्या. तोवर ही रायफल उडवू नका.

बॉइजीकर

बोल्ट सैलच बंद होतो, काही जाणवत नाही. रायफल आजपासून बंद, गनस्मिथची वेळ घेतलीय. पेपरक्लिप दोन पुंगळ्यांत अडकली.

एक विचित्र गोष्ट. डब्यातल्या काही पुंगळ्या मी उडवल्याच नाहीत, तरी मानेला बारीक चिरा आहेत. शेजारचे काका म्हणतात, ते दरवर्षी अमोनियावाल्या पॉलिशने घासून चकचकीत ठेवायचे.

भट्टीवाला

मग त्या चिरांचं मूळ बहुतेक तिथेच आहे. पितळेत ताण साठलेला असला आणि वर अमोनिया लागला, की ते आपोआप तडकतं, गोळी उडवावी लागत नाही. इंग्रजांच्या फौजेला हे आपल्याच देशात भोवलं. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवायचे, घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पसरायचा आणि पुंगळ्या तडकायच्या. इंग्रजीत याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 मध्ये कारण उलगडलं : अमोनिया आणि आत उरलेला ताण, दोन्ही एकत्र आले की चीर. उपाय म्हणून ताण घालवण्यापुरता हलका ताव द्यायला लागले.

पडलेली चीर तावाने सांधत नाही. डब्यातल्या पॉलिश लावलेल्या सगळ्या पुंगळ्या भंगारात काढा, चांगल्या दिसणाऱ्याही. नव्या घेतल्यावर कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा. काळवंडलेलं पितळ उत्तम काम करतं.

नेमबाज_सातारा

माहिती आवडली. आपल्याकडे क्लबमध्ये हे करता येईल का?

भट्टीवाला

परवान्याशिवाय अजिबात नाही. शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो. परवान्याशिवाय घरी पुंगळ्या भरणं हा गुन्हा आहे, त्यात पळवाट शोधू नका.

बॉइजीकर, ज्यांत पेपरक्लिप अडकली त्यांतली एक पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) उडालेलाच आहे ना याची खात्री करून, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा आणि बारीक पात्याच्या करवतीने उभी कापा. कापलेली कड पॉलिश पेपरवर घासून फोटो टाका. भिंत किती खाल्ली गेलीय ते दिसेल, आणि तोच तुकडा गनस्मिथलाही दाखवा.