१९७२ च्या प्यूजो पीएक्स-१० सायकलला काळाला धरून कुठला हेडसेट?

जुनीचेन
फ्रेम प्यूजो पीएक्स-१०, रेनॉल्ड्स ५३१ पोलादी नळ्यांची, साधारण १९७२ ची. स्ट्राँगलाइट ९३ क्रँक, सिम्प्लेक्स डिरेलर, माफाक ब्रेक, सगळं मूळचं. अडलंय हेडसेटपाशी (फोर्क ज्यावर फिरतो ते छऱ्यांचं वरखालचं बेअरिंग). पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं की बरोबर मधोमध टक् करून अडकतं. पर्याय तीन दिसतात: १) कॅम्पाग्नोलो रेकॉर्ड, २) जुना स्ट्राँगलाइट शोधणं, ३) आज मिळणारा साधा जपानी एक इंची. दुकानदार म्हणतो, "एक इंची सगळे सारखेच, बसवून देतो." सिनेलीचा २२.२ मिमीचा स्टेम (हँडल धरणारा, फोर्कच्या नळीत जाणारा भाग) आधीच घेऊन ठेवलाय. काय करावं?

आटेवाला
दुकानदाराला आधी थांबवा. एक इंची सगळे सारखे नसतात आणि तुमची फ्रेम त्यातलीच वेगळी.

त्या काळच्या प्यूजोच्या फोर्कवर फ्रेंच आटे असतात: बाहेरचा व्यास २५.० मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.० मिमी. इंग्लिश आणि इटालियन दोन्ही २५.४ मिमी, इंचाला २४ आटे, म्हणजे पिच १.०५८. या दोघांच्या आट्यांचा कोन वेगळा असला तरी एकमेकांवर चालून जातात. फ्रेंच कुणाशीच जमत नाही. २४ आट्यांचा नट तुमच्या फोर्कवर ढिला चढतो, थोडा डुगडुगतो आणि आठव्या आट्यापर्यंत जवळजवळ अर्ध्या पिचचा फरक पडतो. मग दुकानदार पान्याला जोर देतो आणि आटे सोलले जातात. दोष नटाचा, नुकसान फोर्कचं.

याहून फसवा प्रकार आपल्याकडचा. दुकानात "फोर्क फिटिंग" मागितलं आणि जुन्या रॅले, सेन-रॅले घाटणीचं हातात आलं, तर त्याला इंचाला २६ आटे, पिच ०.९७७. हा फ्रेंचच्या इतका जवळ की नट बिनबोभाट खालपर्यंत फिरतो आणि बसला असं वाटतं. पण व्यास ०.४ मिमी मोठा, म्हणजे आटे फक्त टोकांवर धरलेले. लॉकनट आवळताना किंवा पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सुटणार.

डाय फिरवून फोर्कला २४ आटे पाडून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. नळी मुळात २५.० ची, तिच्यावर २५.४ चे आटे पूर्ण खोलीचे पडूच शकत नाहीत.

कंपनी कुठली हा प्रश्न मागाहून. आधी हे मोजून इथे टाका: दहा आट्यांची लांबी, फोर्कच्या मुकुटावरच्या बैठकीचा व्यास (जिथे खालची रेस, म्हणजे छर्रे जिच्यावर फिरतात ती कडी, ठोकतात), हेड ट्यूबची (फ्रेमची पुढची उभी नळी) लांबी, आणि त्या बैठकीपासून फोर्कच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी.

पितळी_घंटा
काळाला धरून म्हणाल तर पीएक्स-१० वर मूळचा स्ट्राँगलाइट व्ही४ होता. कॅम्पाग्नोलो रेकॉर्ड फ्रेंच आट्यांतही बनत असे, त्यामुळे तो चुकीचा ठरणार नाही. पण बाकी सगळी गाडी फ्रेंच असताना मधेच एक इटालियन भाग मला तरी खटकतो. शिवाय विकणारे बहुतेक वेळा आट्यांचा उल्लेखच करत नाहीत. "कॅम्पाग्नोलो रेकॉर्ड, १ इंच" एवढंच लिहिलेलं असेल तर तो २४ आट्यांचा धरून चाला. आट्यांवर व्हर्निअर (मापक) लावलेला फोटो मागवा, मगच पैसे पाठवा.

स्ट्राँगलाइटचाच ए९ पुष्कळांना आवडतो. त्यात छऱ्यांऐवजी सुईसारखे रोलर असतात, टकटक होत नाही. पण तो नंतरच्या काळातला. १९७२ च्या गाडीवर जाणकाराच्या नजरेत लगेच भरेल.

छर्रा_४मिमी
विकत घ्यायच्या आधी आहे तो उघडून बघा. मधोमध अडकणं हे बहुतेक वेळा खालच्या जोडीचं दुखणं. सायकल बहुतांश सरळच चालते, छर्रे त्याच जागी बारीक थरथरत राहतात, खालचं ग्रीस बाजूला सरतं आणि कोरड्या धातूवर खळगे पडतात. खड्ड्यांना दोष देतात, पण मूळ कारण हे.

रेस रॉकेलने स्वच्छ करा. बॉलपेनचं टोक वाटेवरून हळू फिरवा. टोक खळग्यात अडकत असेल तर खालची रेस आणि खालची वाटी (हेड ट्यूबमध्ये बसणारी) दोन्ही बदलायला हव्यात. नुसती चमक बदललेली असेल, टोक घसरत जात असेल, तर एक युक्ती चालते. मूळच्या जाळीतले छर्रे काढून टाका आणि त्याच मापाचे सुटे भरा. सुटे भरल्यावर संख्या वाढते, अंतर बदलतं, सगळे छर्रे एकाच वेळी जुन्या खळग्यांत पडत नाहीत. सोबत खालची वाटी काढून दोन खळग्यांमधल्या अंतराच्या निम्म्याने फिरवून बसवली तर आणखी चांगलं.

माप मात्र मोजूनच घ्या. स्ट्राँगलाइटमध्ये साधारण ५/३२ इंच (३.९७ मिमी) येतो, जुन्या कॅम्पाग्नोलोत ३/१६ (४.७६ मिमी). संख्या पाठ करू नका. वाटी गोल भरा, शेवटी एका छऱ्याहून थोडी कमी जागा मोकळी राहिली की पुरे. जुने आणि नवे छर्रे मिसळू नका.

जुनीचेन
मोजलं. दहा आटे बरोबर १० मिमी. बैठक २६.५. हेड ट्यूब १२८, फोर्क १६६. बॉलपेन खालच्या रेसमध्ये चांगलंच अडकतंय, वरची जोडी गुळगुळीत. फोर्कच्या आट्यांवर मागच्या बाजूला खाच नाही, सपाट पट्टा आहे.

आटेवाला
म्हणजे पक्का फ्रेंच. सपाट पट्ट्यासाठी आतून इंग्रजी डी अक्षरासारखा वॉशर लागतो. खाचेत बसणारा दाताचा वॉशर इथे कामाचा नाही, तो पट्ट्यावर घसरून कोन (आट्यांवर फिरणारी वरची रेस) सैल करतो. तुमचा जुना वॉशर जपून ठेवा.

१६६ वजा १२८, म्हणजे हेडसेटसाठी ३८ मिमी. नव्या हेडसेटची एकूण उंची याहून दोन-तीन मिमी जास्त चालते, कारण लॉकनटच्या वरच्या कडेत आटे नसतात. ३८ हून कमी असेल तर नट फोर्कच्या टोकावर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो पण खालचा कोन धरत नाही. तिथे स्पेसर घाला. लॉकनटमध्ये किमान चार-पाच पूर्ण आटे धरले पाहिजेत. बैठक २६.५ ला २६.४ ची रेस थोडी जोर लावून बसते, २७.० ची जपानी रेस मात्र सैल पडून गोल फिरेल.

माझं मत: वरची जोडी, लॉकनट, वॉशर मूळचे ठेवा, खालची वाटी आणि रेस त्याच मॉडेलच्या मोडक्या हेडसेटमधून मिळवा. अशा हेडसेटचे आटे गेलेले असतात, खालचे भाग चांगले असतात, म्हणून स्वस्त पडतो.

छर्रा_४मिमी
बसवताना: वाटी हातोड्याने ठोकू नका, तिरकी गेली की हेड ट्यूबची कड फाटते. १२ मिमीचा आटेदार रॉड, दोन्हीकडे जाड सपाट वॉशर, नट आवळत नेणं, एवढं पुरतं. खालची रेस बसवायला एक इंची जीआय पाइपचा तुकडा चालतो, आतून साधारण २७ मिमी असतो. मात्र त्याची कड बाहेरच्या बाजूने कानशीने उतरवा. नाहीतर पाइप रेसच्या आतल्या ओठाऐवजी छऱ्यांच्या वाटेवर बसतो आणि नवी रेस पहिल्याच दिवशी खराब.

ग्रीस भरपूर. कोन हाताने टेकेपर्यंत, मग किंचित मागे, वॉशर, ३२ च्या पान्याने लॉकनट. ढिलेपणा बघताना पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवा आणि चाक ९० अंशांत वळवूनही बघा. सरळ चाकात ब्रेकचा ढिलेपणा हेडसेटचा वाटतो. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल लागलं तर वाट्या समांतर नाहीत किंवा फोर्कची नळी वाकली आहे, तिथे कितीही आवळून उपयोग नाही. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा, वाट्या बसतात.

पितळी_घंटा
स्टेमबद्दल कुणीच बोललं नाही. सिनेली २२.२ तुमच्या फोर्कमध्ये जाणार नाही, तिथे २२.० लागतो. ठोकू नका. आत जाणाऱ्या भागावर ३२० चा एमरी कागद गोल फिरवून व्यास ०.२ ने कमी करा, दर थोड्या वेळाने व्हर्निअर लावा. फोर्क आतून घासणं अजिबात नको. मूळचा फ्रेंच स्टेम हाती आला तर खालच्या फटीचं वरचं टोक बघा. तिथे गोल भोक नसून फट नुसतीच टोकदार संपत असेल तर तो शोभेला ठेवा. तडा तिथूनच सुरू होतो.

जुनीचेन
एमरी कागद आणतो. खालच्या जोडीसाठी मोडका व्ही४ शोधायला लागलोय, फोटो मागवताना व्हर्निअर लावायला सांगितलंय.