विमानातून उतरलो, पुढे? खान्देशातून परदेशी शिकायला गेलेल्यांचे अनुभव

आमच्या जळगावातल्या कॉलनीतून यंदा दोन मुलं बाहेर शिकायला निघालीत. एक जर्मनीला, एक आयर्लंडला. व्हिसा, शैक्षणिक कर्ज, इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, या सगळ्यावर सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. पण परवा त्यातल्या एकानं विचारलं, "काकू, विमानतळापासून युनिव्हर्सिटी लई लांब दिसतेय, तिथवर कसं जायचं?" तर कन्सल्टन्सीवाल्यासकट कुणाला धड सांगता येईना. त्याचं काम तिकिटाशी संपलेलं.

आपल्या मुलांचं आणखी एक असतं. मुंबईच्या मुलाचा प्रवास विमानतळावर सुरू होतो. आपला आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो. जळगावहून रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटर, नाहीतर धुळ्याहून क्रूझर भरून कसारा घाट, सोबत मामा, मावशी, आत्या आणि कुणाचं तरी लहान पोर. तिकडे उतरेपर्यंत झोपेचे तीन तेरा झालेले असतात, आणि डोकं चालवायची वेळ नेमकी तेव्हाच येते.

तर या धाग्यावर गेलेल्यांनी आपापलं गाव आणि देश टाकून तेवढंच लिहा: विमानाचं दार ते खोलीचं दार. कोणत्या एजंटनं किती घेतले ते इथे नको, तो धागा वेगळा काढू आणि तो संपणार नाही. साल मात्र टाका, नियम बदलत राहतात.

अमळनेर ते इल्मेनाऊ, जर्मनी (2024)

मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून आयसीई या जलद गाडीनं एर्फुर्ट, आणि एर्फुर्टहून छोट्या गाडीनं इल्मेनाऊ. कागदावर सोपं आहे.

पासपोर्टच्या खिडकीवर प्रवेशपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंटचा (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्याचा) कागद मागितला. दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत गेले तर कपाळाला हात लावायची वेळ येईल. टर्मिनल 1 ला दोन रेल्वे स्टेशनं आहेत. एक टर्मिनलच्या खालीच, जवळच्या गाड्यांचं, आणि दुसरं पुलावरून पलीकडे, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं. 'फेर्नबानहोफ' असं लिहिलेल्या पाट्यांमागे चालत राहायचं. बॅगांसाठी ट्रॉली घ्या, अंतर आहे.

तिकिटाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच जातात. महिनाभर आधी काढलं तर रेल्वेचं तिकीट खूप स्वस्त मिळतं, पण ते त्याच एका गाडीला चालतं. आधीची रेल्वे उशिरा धावून पुढची चुकली तर दुसऱ्या गाडीत बसता येतं. विमान उशिरा आलं तर मात्र रेल्वेचा त्याच्याशी संबंध नाही, तिकीट गेलं. माझ्या सिनियरनं बजावलं होतं की पहिल्या दिवशी कोणत्याही गाडीला चालेल असंच तिकीट काढ. महाग वाटलं होतं. पण विमान मुंबईहूनच उशिरा सुटलं, तेव्हा मी निवांत होतो आणि शेजारचा नाशिकचा मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

डॉइशलँडटिकेट या महिन्याच्या पासाचं नाव सगळे ऐकून असतात. 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2025 पासून 58 आणि 2026 पासून 63 झालं. देशभरातल्या बस, ट्राम, लोकल आणि रिजनल गाड्या त्यात येतात. आयसीई येत नाही. विमानतळावरून त्यावरच जाता येतं, पण तीन-चार गाड्या बदलत आणि दोन मोठ्या बॅगा जिन्यांवरून ओढत. ज्याची त्याची मर्जी.

प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी असे भाग असतात, आपला डबा कुठे येणार ते बोर्डावर दिसतं. भुसावळला गाड्या बदलण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. फक्त मध्येच एक घोषणा जर्मनमध्ये झाली आणि सगळा प्लॅटफॉर्म बॅगा ओढत उलट्या दिशेला पळत सुटला. मीही पळालो. गाडीची रचना उलटी झाली होती, हे डब्यात बसल्यावर कळलं. नियम एकच: लोक पळाले की पळा, कारण नंतर विचारा. आणि दार आपोआप उघडत नाही, बटण दाबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वसतिगृहाची किल्ली हाउसमायस्टरकडे, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्याकडे, असते. त्याच्या वेळा ठरलेल्या, शनिवार-रविवारी तो नसतो. रविवारी दुकानंही बंद, मोठ्या स्टेशनांमधली तेवढी उघडी. म्हणून विमान असं धरा की आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी उतराल. स्वस्त तिकीट शनिवारचं असेल तरी नको, हॉटेलच्या दोन रात्री त्याहून महाग पडतात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो, तो किल्ली घेतानाच मागून ठेवा.

धुळे ते पिट्सबर्ग, अमेरिका (1987)

तुमच्या सगळ्यांचे मोबाईल बघून गंमत वाटते. आम्ही एसटीच्या रातराणीनं मुंबईला गेलो, सहार विमानतळावर वडिलांनी खिशात ट्रॅव्हलर्स चेकचं पाकीट कोंबलं आणि मी निघालो. न्यू यॉर्कला केनेडी विमानतळावरून बसनं पोर्ट अथॉरिटीच्या बसस्थानकावर, तिथून ग्रेहाउंड कंपनीच्या बसनं रात्रभर पिट्सबर्ग. बसस्थानक मजल्यावर मजले असलेलं. दरवाज्याचा नंबर शोधताना मला कुणी त्रास दिला नाही, पण भीती प्रचंड वाटली. रात्रभर बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळून बसलो होतो.

पोचल्याचं घरी कळवायचं म्हणजे आडत दुकानात फोन. वडील तिथे बोलावणं आल्यावर चालत जाणार, तोपर्यंत माझी नाणी संपणार. म्हणून तार केली, एका शब्दाची: "पोचलो." मग महिनाभर निळ्या हवाई पत्रांवर, म्हणजे एरोग्रामवर, संसार. बाकी सल्ला काय देणार, सगळंच बदललंय. युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीला आधी पत्र लिहावं, ही एक गोष्ट तेव्हाही खरी होती. त्यांनी पहिल्या आठवड्यासाठी एक कुटुंब शोधून दिलं होतं.

चोपडा ते गॉलवे, आयर्लंड (2025)

काकू, तुमच्या आयर्लंडच्या मुलाला सांगा, घाबरायचं काही नाही. डब्लिन विमानतळाच्या बाहेरूनच गॉलवेला थेट बस आहेत, अडीच-तीन तासांत पोचवतात. डब्लिन शहरात शिरायची गरजच नाही. तिकीट ऑनलाइन काढून ठेवलं होतं, पुढच्या बसमध्येही चालवून घेतात का ते काढतानाच वाचा.

अवघड आहे ती खोली. तिकडे घरांची फार टंचाई आहे. मी पोचले तेव्हा पुढच्या पंधरवड्याची व्यवस्था हॉस्टेलमध्ये होती, कायमची खोली नव्हती. न बघता कुणालाही डिपॉझिट पाठवायचं नाही, हे घरी दहा वेळा घोकून घेतलं होतं आणि तरी एका छान फोटोंच्या फ्लॅटसाठी हात शिवशिवले होते. इमिग्रेशनला राहण्याचा पत्ता विचारतात, हॉस्टेलचं बुकिंग दाखवलं तर चाललं. मग 90 दिवसांच्या आत आयआरपी, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, नोंदणी, फी 300 युरो. हे पैसे बजेटमध्ये वेगळे धरा.

शहादा (मुलगी बिश्केकला, 2023)

मी गेलेलो नाही, मुलगी एमबीबीएसला किर्गिझस्तानात आहे. इथे बापाचं चालत असेल तर लिहितो.

शहाद्याहून सुरत, सुरतहून दिल्ली, दिल्लीहून बिश्केक. ग्रुपमध्ये बरीच मुलं होती आणि एक 'सर' सोबत. म्हणून आम्ही निश्चिंत होतो. तिनं लाइव्ह लोकेशन चालू ठेवलं होतं. दिल्लीत विमानात बसल्यावर ते बंद पडलं, हे समजण्यासारखं होतं. पण विमान उतरल्याचं नेटवर दिसलं तरी लोकेशन येईना. तिची आई देवघरापुढून उठेना. मी अंगणात चकरा मारत होतो. शेवटी एका दुसऱ्याच मुलीच्या नंबरवरून फोन आला. आईनं पहिलं वाक्य विचारलं, "पोचनी का माय? जेवनी का?"

झालं असं होतं की विमानतळाच्या वायफायला ओटीपी लागत होता आणि ओटीपी आमच्या इथल्या नंबरवर यायचा होता. रोमिंग चालू केलेलं नव्हतं. तर निघण्याआधी भारतातल्या सिमचं रोमिंग चालू करा आणि ते सिम पुढेही रिचार्ज करत राहा, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ अर्धाच तास पुढे आहे, त्यामुळे फोनच्या वेळेचा काही प्रश्न नाही.

आणखी एक. उतरल्यावर त्या सरांनी नोंदणीसाठी म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. परत मिळायला बरेच दिवस लागले. वाईट काही घडलं नाही, पण परक्या देशात पोरीच्या हातात पासपोर्ट नाही, ही गोष्ट मला आजही पटत नाही. कुठे नेताय, कधी देणार, विचारा, आणि पासपोर्ट व व्हिसाच्या पानांचे फोटो घरच्यांकडेही ठेवा. सोबत माणूस आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, असं कुणी सांगितलंय?

जळगाव ते विंडसर, कॅनडा (2024)

शहाद्याच्या काकांना अनुमोदन. मी तर ग्रुपच्या भानगडीत पडलोच नाही.

टोरांटोला विमान उतरलं की लगेच सुटायचं अशी बस-ट्रेन धरू नका. स्टडी परमिट विमानतळावरच छापून देतात, आणि ऑगस्टअखेर ती रांग पंढरीच्या दर्शनबारीसारखी असते, हलते पण संपत नाही. कागद हातात आला की खिडकीवरच उभं राहून नाव, जन्मतारीख आणि मुदत वाचा. आपल्याकडे वडिलांचं नाव आणि आडनाव यांचा घोळ असतोच. मागचे लोक कुरकुरले तर कुरकुरू देत. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर अर्ज करत बसावं लागतं. मग विमानतळावरून यूपी एक्सप्रेस या शहरात जाणाऱ्या रेल्वेनं पंचवीस मिनिटांत युनियन स्टेशन, आणि तिथून विंडसरची ट्रेन, चार तासांहून थोडी जास्त.

रावेर ते बॅलरॅट, ऑस्ट्रेलिया (2023)

प्रवासाचं एका ओळीत: मेलबर्न विमानतळाला रेल्वे नाही, बसनं सदर्न क्रॉस स्टेशन, तिथून बॅलरॅटची गाडी. 2023 पासून त्या गाडीचं भाडं शहरातल्या दिवसभराच्या भाड्याहून जास्त होत नाही, त्यामुळे टॅक्सीचा विचारही करू नका.

खरी कथा खाण्याच्या बॅगेची. आमच्या घरी बॅग भरणं म्हणजे लग्नाची रुखवत. ज्वारीचे बिबडे, काळा मसाला, बट्टीचं पीठ, शेव, लोणचं. आजीनं गुपचूप भरिताच्या वांग्याच्या बियांची पुडी टाकली होती, "तिकडे अंगण असंल तर लाव." पुडी मला मुंबईला बॅग पुन्हा वजन करताना दिसली, पण आजीचं मन मोडवेना.

विमानात एक कार्ड भरायला देतात. खाण्याचे पदार्थ, बिया, वनस्पती आहेत का? सगळ्यावर 'हो' केलं. शेजारचे काका म्हणत होते, 'नाही' लिही, कोण बघतंय. त्यांचं ऐकू नका. स्वतःहून सांगितलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही, फार तर ती काढून घेतात. लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. अधिकारी बाईंनी बॅग उघडली. बिबडे उजेडात धरून बघितले, मी सांगितलं की धान्याचे पापड आहेत, तळून खातात. पॅकिंग नीट होतं, मसाला-पीठ सगळं परत मिळालं. बियांची पुडी मात्र डब्यात गेली. आजीला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते तेव्हा म्हणतो, अंगण नाही.

चाळीसगाव ते लेस्टर, इंग्लंड (2025)

थोडक्यात लिहितो. पूर्वीचं ब्रिटनचं बीआरपी, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, कार्ड बंद झालंय, आता ई-व्हिसा. निघण्याआधी त्याचं खातं उघडून पासपोर्ट जोडलेला आहे ना ते बघा. हीथ्रोला मशीनच्या गेटमधून भारतीय पासपोर्टवाल्यांना जाता येत नाही, माणसाच्या रांगेतच उभं राहायचं. पुढे बॅगा घेऊन लंडनच्या भुयारी रेल्वेत शिरू नका, बऱ्याच स्टेशनांना लिफ्ट नाही. टर्मिनल 2 आणि 3 च्या मध्ये बसस्थानक आहे, तिथून कोच. कोचमध्ये सामानाची मर्यादा विमानापेक्षा कमी असू शकते. सप्टेंबरात बऱ्याच युनिव्हर्सिट्या स्वतःच्या गाड्या पाठवतात, नोंदणी आधी करावी लागते. ईमेल वाचत जा रे बाबांनो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दोन्ही मुलांना वाचायला दिलं. जर्मनीवाल्याच्या आईचा प्रश्न: पाच लिटरचा कुकर पाठवू का?

अमळनेर ते इल्मेनाऊ

काकू, तीन लिटरचा पाठवा, पाचाचा नको. त्याच्या आत डाळ-तांदूळ भरा, जागा वाया जात नाही. शिट्टी आणि रबराची रिंग जास्तीची द्या, तिकडे सहज मिळत नाहीत. आणि कुकर चेक-इनच्याच बॅगेत. तोही इल्मेनाऊलाच येत असेल तर त्याला म्हणावं एर्फुर्टची गाडी कळली की मला मेसेज टाक, इल्मेनाऊला आमच्यातलं कुणी तरी घ्यायला येईल, फक्त रविवार नको.