संडरलंडवरची मालिका : निष्ठा की नुसती सवय?

खाडीपलीकडे (वेंगुर्ला)

इंग्लंडमधल्या संडरलंड या फुटबॉल क्लबवरच्या 'संडरलंड टिल आय डाय' या माहितीपट मालिकेबद्दल परवा इथे 'कातळावरचा' यांनी लिहिलं होतं : "संडरलंडवरची मालिका तिन्ही पर्वं बघून संपवली. हरणाऱ्या संघामागे पगार उडवणारी भाबडी माणसं आणि त्यांचे अश्रू विकणारे लोक, एवढाच त्यात आशय. ह्याला निष्ठा म्हणू नका, सवय म्हणा. आणि कोकणातल्या माणसांनी त्यावर रडावं, हे तर मला कळतच नाही."

दोन दिवस 'सवय' हा शब्द डोक्यातून जाईना. म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

आधी अश्रू विकण्याचं. 2017 ला प्रीमियर लीगमध्ये तळाला राहून क्लब खाली आला, तेव्हा कॅमेरे आत घेतले ते परत वर चढतानाची गोष्ट टिपायला. बनवणारे स्वतः संडरलंडचेच चाहते. पदरात पडला तो 2017-18 चा मोसम, चॅम्पियनशिपमध्येही (दुसऱ्या पायरीची लीग) सगळ्यात खाली! मॅनेजर ग्रेसनला ऑक्टोबर संपताना काढलं, कोलमन आला, एप्रिल संपेपर्यंत तोही गेला. आपल्याच घरातलं मयत विकायला कोणी कॅमेरे लावून ठेवत नाही.

आता कोकणाचं. पहिल्या भागाची सुरुवात आठवा. चर्चमध्ये पाद्री क्लबसाठी प्रार्थना करतोय आणि माणसं खाली माना घालून उभी आहेत. माझ्या आईने ते बघितलं आणि म्हणाली, "हे गाऱ्हाणं घालतायत." तिला फुटबॉलमधलं ऑफसाइड ठाऊक नाही, पण गाऱ्हाणं ती बरोबर ओळखते. मागून फक्त 'होय महाराजा' म्हणायचं बाकी होतं.

स्टेडियम ऑफ लाइट 1997 ला उभं राहिलं ते कोळशाच्या खाणीच्या जागेवर. खाण 1993 ला बंद झाली, जहाजं बांधण्याचं काम त्याआधीच, 1988 ला. मैदानाबाहेर खाणकामगाराच्या दिव्याचं स्मारक आहे. माझे आजोबा गिरणीतून परत आले ते 1983 च्या शिमग्याला, एक ट्रंक घेऊन. त्या ट्रंकेत गिरणीचा बिल्ला होता. मरेपर्यंत दर दसऱ्याला तो चिंचेने घासून पुसून परत ठेवायचे, पूजेत. गिरणीने त्यांना शेवटी काहीही दिलं नव्हतं. तीही सवयच होती का? मला उत्तर हवंय.

कातळावरचा (रत्नागिरी)

उत्तर देतो. आजोबांबद्दल आदर आहे, पण तुलना चुकली. गिरणी माणसाला पगार द्यायची, क्लब माणसाकडून पगार घेतो.

दुसरं पर्व तुम्ही नीट बघितलंत का? 2018 च्या नाताळानंतरच्या ब्रॅडफर्डविरुद्धच्या सामन्याला 46,039 लोक आले, तिसऱ्या पायरीवरच्या 'लीग वन'चा, ते नाव पडल्यापासूनचा, तेव्हाचा विक्रम. तो आपोआप नाही झाला, नव्या मालकांनी मोहीम काढून करवला. मग जानेवारीत गोल करणारा माजा बोर्दो या फ्रेंच क्लबला गेला आणि लोक ओरडू लागले. खरेदीची मुदत संपायच्या रात्री मॅनेजर आणि जाणकार नको म्हणत असताना मालक आकडा चढवत गेला आणि विल ग्रिग या फॉरवर्डला सुमारे 30 लाख पौंडांना घेतला. कशासाठी? लोकांना तोंड दाखवायचं म्हणून. पुढे गोल फारसे आलेच नाहीत, ते सगळ्यांना माहीत आहे. चाहत्यांची ही जी 'निष्ठा' आहे ना, तीच क्लबला खड्ड्यात घालते, असं ती मालिका सांगते.

आणि जहाजं गेली, खाण गेली म्हणता, तर निस्सानचा कारखाना 1986 पासून तिथेच आहे. सगळं शहर उपाशी बसलेलं नाही.

मालवणी रेफरी

मी तिनव पर्वां बघलंय, दोनदा. माका इंग्रजी अर्धाच कळता, त्यांचो हेल तर अजिबात नाय. पण रडाक इला ह्या खरा. आमच्या वाडीचो कबड्डीचो संघ पंधरा वर्सां ट्रॉफी घेवन इल्लो नाय. तरी पोरां दर वर्सा उतरतत आणि म्हातारी माणसां रात्री दोन वाजेपर्यंत बसतत. तेका काय म्हणशात?

बांदा नाका

दूरच्या संडरलंडसाठी रडा, पण पत्रादेवीपलीकडे, गोव्यात, काय झालं ते कोणाला आठवतंय? गोव्याच्या धेंपो क्लबने फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा आणलं. आम्ही बांद्यातून टेम्पोत बसून फातोर्ड्याच्या मैदानावर जायचो, येताना म्हापशाला रात्रीचे भजी-पाव. 2016 ला भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यावरून धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे तिघंही आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. एका वर्षात तीन क्लब! कोणी कॅमेरा घेऊन आलं नाही. आयएसएलमधून (इंडियन सुपर लीग) 2025 पर्यंत कोणी खाली उतरलं नाही, मग चढण्याची तरी किंमत काय? संडरलंडच्या गोष्टीत दम आहे तो खाली पडता येतं म्हणून. आपल्याकडे पैसे भरून वर बसायचं, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी गुपचूप मरायचं.

(धेंपो 2024 ला परत आय-लीगमध्ये चढला. हे सांगितलं नाही तर माझा पोरगा रागावेल.)

देवगडची लेक

खाडीपलीकडे, तुम्ही ट्रंक उघडलीत, म्हणून मीही बोलते.

माझे बाबा परळला साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. मनिऑर्डर थांबली. आधी दुकानदाराने उधारी थांबवली, मग आईच्या पाटल्या गेल्या, मग आई दुसऱ्यांच्या कुणग्यात लावणीला जाऊ लागली. आमच्या घरातून तोवर कोणी मजुरीला गेलं नव्हतं. बाबा महिन्या-दोन महिन्यांनी यायचे आणि म्हणायचे, "अजून दोन महिने, मग आपलंच." दीड वर्ष हेच. आई ऐकून घ्यायची आणि चुलीत फुंकर मारत बसायची.

मालिकेत तो टॅक्सीतला माणूस, ते पबमधले लोक, सगळे म्हणतात "पुढच्या मोसमात." मी तिथे लॅपटॉप बंद केला. मला बाबांचा आवाज ऐकू आला.

पुरुषांच्या निष्ठेवर तुम्ही सगळे इतकं लिहिताय. त्या निष्ठेचं बिल घरात कोण भरतं, हे ना मालिका दाखवते, ना तुम्ही. मोसमाचं तिकीट काढून आलेल्या नवऱ्याला त्या महिन्यात घरात काय कमी पडलं हे विचारणारी एक तरी बाई दाखवायची होती.

कातळावरचा (रत्नागिरी)

हेच म्हणत होतो मी. धन्यवाद.

देवगडची लेक

धन्यवाद नकोत. तुमच्या बाजूने नाही बोलले. बाबा मूर्ख नव्हते.

कूपरेज गॅलरी (मूळ चिपळूण, आता डोंबिवली)

संपाचा विषय निघालाच आहे तर एक स्पष्ट बोलतो. नेत्यांनी अडीच लाख माणसांना हट्टापायी रस्त्यावर आणलं. माझे दोन्ही मामा त्यात गेले. एक दारूने, एक नुसता बसून. मागणी कुठे थांबवायची हे ज्याला कळत नाही त्याच्या मागे जाणं, ही निष्ठाच घातक. संडरलंडमध्ये काय, लालबागमध्ये काय.

खाडीपलीकडे (वेंगुर्ला)

नेत्यांनी? मालकांनी काय केलं तेही लिहा ना! यंत्रं जुनी ठेवली, गिरण्या आजारी पाडल्या आणि डोळा जमिनीवर ठेवला. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा नियम वाचलाय का? गिरणीची जमीन विकसित करायची तर एक हिस्सा महापालिकेला, एक म्हाडाला, उरलेला मालकाला. 2001 ला त्यात बदल केला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची राहिली. म्हणजे काय राहिलं? माझ्या आजोबांनी हट्ट केला असेल, पण ती जागा त्यांनी नाही खाल्ली.

कूपरेज गॅलरी

आजोबांना मध्ये घेऊन वाद जिंकायची ही पद्धत बंद करा. माझ्या घरातली माणसं मेली आहेत, तुमच्या ट्रंकेतला बिल्ला नव्हे.

खाडीपलीकडे

बिल्ल्याबद्दल असं पुन्हा लिहू नकोस.

मालवणी रेफरी

दोघांव पिवळां कार्ड. गिरणी-गिरणी बंद करा, धागो फुटबॉलचो आसा.

बांदा नाका

नाही, बंद नका करू. मला इथेच काहीतरी दिसतंय. एक साधा प्रश्न : संडरलंडमध्ये खाण गेली त्या जागी काय आलं? जवळजवळ 49 हजार माणसं बसतील असं मैदान. ज्याचा बाप त्या जमिनीखाली कोळसा खणत होता तो त्याच जमिनीवर पोराला खांद्यावर घेऊन बसतो. परळला गिरणी गेली त्या जागी काय आलं?

देवगडची लेक

मॉल. मी बाबांना घेऊन गेले होते, तीन वर्षांपूर्वी. त्यांना बघायचं होतं की त्यांचं खातं कुठे होतं. चिमणी तेवढी ठेवलीय. दारावर पिशवी तपासली. आत बाबा एका कपड्यांच्या दुकानासमोर थांबले आणि जमिनीकडे बघून म्हणाले, "इथे असेल." सुरक्षारक्षकाने येऊन विचारलं, काका काही हवंय का. चांगल्या शब्दांत विचारलं, तक्रार नाही. पण बाबा लगेच चला म्हणाले. चहा प्यायला बाहेर टपरीवर आलो.

कूपरेज गॅलरी

हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. खाडीपलीकडे, बिल्ल्याबद्दल चुकलो. संपाबद्दल मत तेच आहे.

मुंबईच्या कूपरेज फुटबॉल मैदानावरचं माझं प्रेम मोठ्या मामामुळे. तो मला रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेचे सामने दाखवायला न्यायचा, संप चालू असतानासुद्धा. पैसे कुठून आणायचा देव जाणे. रोव्हर्स कप 2001 च्या सुमारास बंद पडला, महिंद्रा युनायटेड क्लब 2010 ला. मी कुठल्याच क्लबसाठी बिल्ला ठेवू शकलो नाही, कारण क्लब राहिलेच नाहीत. कदाचित त्याचाच राग आहे.

कातळावरचा (रत्नागिरी)

मैदान आणि मॉलचा मुद्दा मान्य. माझ्या मूळ लेखात तो यायला हवा होता, आला नाही.

पण निष्ठा हा शब्द मी अजून मान्य करत नाही. 2018-19 चा हिशोब बघा. 46 पैकी फक्त 5 सामने हरले, पण 19 बरोबरीत सोडले, म्हणून पाचवे. लंडनच्या वेम्बली मैदानावर दोन महिन्यांत दोनदा गेले. मार्चमध्ये एका चषकाच्या अंतिम सामन्यात पोर्ट्समथकडून पेनल्टीवर हरले, 85,021 लोकांसमोर. मेमध्ये वर चढण्याच्या अंतिम सामन्यात चार्लटनकडून 94 व्या मिनिटाला. इतकं होऊन जो परत तिकीट काढतो त्याला मी दोष देत नाही, पण त्याचं कौतुकही करणार नाही. पहिल्या पर्वातल्या रॉडवेल या खेळाडूला आठवड्याला 70 हजार पौंड मिळत होते अशा बातम्या होत्या, आणि क्लबच्या स्वयंपाकघरातल्या बाया नोकरी राहील का म्हणून घाबरलेल्या. तिकिटाचे पैसे नेमके कोणाकडे जातात हे त्या चाहत्याने विचारलं पाहिजे. देवगडच्या ताई म्हणतात तसं बिल कोण भरतं ते.

आणि खाडीपलीकडे, तुम्ही स्वतः ह्या क्लबला एक पौंड तरी दिलाय का? लांबून रडणं सोपं असतं.

खाडीपलीकडे (वेंगुर्ला)

नाही दिला. कुठून देणार?

रॉडवेलचं तुमचं बरोबर आहे. करारात पगार कमी करायचं कलमच नव्हतं म्हणतात, ती चूक चाहत्याची नव्हे, पण भरली त्यानेच. हे मी आधी लिहायला हवं होतं.

लांबून रडण्याबद्दल सांगतो. 2025 ची 24 मेची संध्याकाळ आठवा. रत्नागिरीजवळ कमी दाबाचा पट्टा, मे महिन्यात आषाढासारखा पाऊस. आमच्याकडे लाइट दुपारीच गेली. पडवीत मोबाइलवर प्रीमियर लीगमध्ये चढण्याची अंतिम मॅच, शेफील्ड युनायटेड एक गोलने पुढे. चार्ज 30 टक्के म्हणून उजेड कमी केलेला. आपल्या मायेंडाने 76 व्या मिनिटाला बरोबरी केली आणि नेट गेलं. मी छत्री घेऊन वरच्या सड्यावर गेलो, तिथे रेंज येते. चिखल, वीज, आई मागून ओरडतेय. सड्यावर पोचलो आणि फोनवर एवढंच उमटलं : वॉटसन, 90+5, 2-1. गोल मी बघितलाच नाही. आठ वर्षांनी क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला आणि मी अंधारात भिजत एकटा ओरडत होतो. ते कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मालवणी रेफरी

माका फोन केलो असतंस तर. आमच्याकडे इन्व्हर्टर होतो.

बांदा नाका

धेंपोसाठीही असंच एकदा सड्यावर चढा, एवढंच मागणं आहे.

देवगडची लेक

परवा लॅपटॉप बंद केला होता, तो काल पुन्हा उघडला. तिसरं पर्व बाबांना बरोबर घेऊन बघितलं. वय 81, ऐकू कमी येतं, पण चित्र बघतात. 2022 चा वायकमविरुद्धचा अंतिम सामना, 2-0, वेम्बलीवर सगळे रडतायत. बाबांनी विचारलं, एवढे का रडतात? मी म्हटलं, खालच्या लीगमध्ये अडकले होते, आता वर आले. बाबा म्हणाले, किती वर्षं अडकले होते? म्हटलं, चार.

"चारच?" म्हणाले, आणि गोळी घेऊन झोपायला गेले.