लाफायेत: वीर की पळपुटा?

कृष्णाकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, लाफायेत म्हणजे वडिलोपार्जित पैशावर लढाईची हौस भागवणारा फ्रेंच उमराव आणि १७९२ मध्ये फौज टाकून पळालेला पळपुटा. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

हौस कसली? बाप मिंडेनच्या लढाईत पडला तेव्हा पोर दोन वर्षांचंही नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी राजाची मनाई मोडून, पदरच्या पैशाने जहाज घेऊन अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला गेला. पगार घेतला नाही. ब्रँडीवाइनच्या लढाईत पायात गोळी लागली, तरी माघार घेणाऱ्या शिपायांना सावरत राहिला. यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला अडकवून ठेवणाऱ्यांत हा होता. ११ जुलै १७८९ ला, पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग क्रांतीत पडायच्या तीन दिवस आधी, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा सभेपुढे यानेच ठेवला. आणि पळून गेला कुठे? शत्रूला मिळाला असता तर त्याच शत्रूंनी, आधी प्रशियाने आणि मग ऑस्ट्रियाने, मिळून पाच वर्षं कोठडीत कशाला ठेवलं असतं?

बांधावरून:
ते पोस्ट माझंच. १७ जुलै १७९१ तुम्ही सोयीने गाळलात. पॅरिसच्या शँ द मार्स मैदानावर लोक राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करायला जमले होते. त्यांच्यावर नॅशनल गार्डने गोळ्या झाडल्या. गार्डचा प्रमुख कोण होता? हक्कांचा मसुदा लिहिणारा हाच हात.
आणि दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीतला, केयेनचा मळा? गुलामांसकट विकत घेतलेला?

कृष्णाकाठ:
मुक्त करण्यासाठीच घेतला होता! कामाची मजुरी, मुलांना शिक्षण, कुणाला विकायचं नाही, असे नियम घातले होते. त्या काळात किती जमीनदारांनी एवढं केलं?

बांधावरून:
मुक्तीचा कागद केला का? नाही. क्रांती सरकारने मालमत्ता जप्त केली तेव्हा दप्तरी ती माणसं गुलामच होती.
कागद नसला की काय होतं, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे आजोबा बावीस वर्षं एका भल्या मालकाची जमीन कसत होते. "तुझ्या नावावर करून देतो," असं तो दर दिवाळीला म्हणायचा. खरंच भला होता, आजारपणात डॉक्टरला स्वतः पैसे द्यायचा. तो गेला आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी आजोबांना बांधाबाहेर काढलं. सातबारावर नाव नव्हतं. भल्या माणसाच्या मनातलं कोर्टात चालत नाही.

कृष्णाकाठ:
आजोबांचं वाईट वाटलं. पण तुमच्या गावच्या मालकाचा राग फ्रान्सच्या माणसावर काढू नका.

बांधावरून:
राग काढायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

माजघर:
दोघे इतका वेळ भांडताय, पण त्या मळ्याचा कारभार बघणारीचं नाव एकानेही घेतलं नाही. आद्रियेन, त्याची बायको. १७९४ च्या जुलैत तिची आजी, आई आणि बहीण एकाच दिवशी गिलोटिनवर गेल्या. ती स्वतः तुरुंगात होती. सुटल्यावर मुलाला अमेरिकेला धाडलं आणि दोन मुलींना घेऊन ओल्म्युत्झला, ऑस्ट्रियाच्या तुरुंगात, नवऱ्याच्या कोठडीत राहायला गेली. अंग सुजलं, ताप हटेना. उपचाराला बाहेर जा, पण परत येता येणार नाही, असं बादशहाने कळवलं. ती गेली नाही. १८०७ मध्ये वारली.
माझी आजी बेचाळीसमध्ये दर पंधरवड्याला येरवड्याच्या दारात भाकरी घेऊन उभी राहायची. ताम्रपट आजोबांना मिळाला, त्यावर तिचं नाव नाही. म्हणून 'वीर की पळपुटा' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो.

बांधावरून:
ताई, पटलं. पण मळ्यातल्या बायकांचीही नावं कुणाला माहीत नाहीत, हेही लिहा.

माजघर:
लिहिते. आद्रियेनने त्यांच्यासाठी पत्रं लिहिली, पण त्या पत्रांनी त्या सुटल्या नाहीत.

कृष्णाकाठ:
एक सांगतो. जेम्स नावाच्या गुलामाने व्हर्जिनियात लाफायेतसाठी हेरगिरी केली. १७८४ मध्ये लाफायेतने त्याच्या कामाचं प्रशस्तिपत्र स्वतःच्या हाताने लिहून दिलं. १७८७ मध्ये विधानसभेने जेम्सला मुक्त केलं आणि त्याने आडनाव लाफायेत लावलं. म्हणजे कागदाची किंमत या माणसाला कळत होती.

बांधावरून:
मग केयेनला का नाही केला कागद?

कृष्णाकाठ:
याला माझ्याकडे उत्तर नाही. करायला हवा होता. आता 'पळपुटा' मागे घ्या.

बांधावरून:
पाच वर्षं कोठडी भोगलेल्याला पळपुटा म्हणणार नाही, घेतला मागे. शँ द मार्स मागे घेणार नाही.